महिलांची महाविद्यालयीन क्रॉस कंट्री धाव (जालना जिल्हा)

महिलांची महाविद्यालयीन क्रॉस कंट्री धाव हा माळरान, गवताळ मैदान, शेतवाट अशा नैसर्गिक भूभागावरून लांब पल्ल्याचे अंतर धावण्याचा क्रीडाप्रकार होय. महाराष्ट्रातील जालना जिल्ह्याच्या महाविद्यालयीन विद्यार्थिनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांमधून या प्रकारात उतरतात. प्रत्येक ठिकाणचा मार्ग निराळा असल्यामुळे क्रॉस कंट्रीत जागतिक विक्रम नोंदवले जात नाहीत. परिणामी धावपटूची ओळख तिने घेतलेल्या वेळेपेक्षा तिच्या क्रमांकावर, संघातील स्थानावर आणि त्यातून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर अवलंबून राहते.

स्वरूप

ट्रॅकवरील ४०० मीटरच्या फेरीत पृष्ठभाग सारखा असतो आणि अंतर काटेकोर मोजलेले असते. क्रॉस कंट्रीत चढउतार, ओली माती, खाचखळगे आणि वळणे हा शर्यतीचाच भाग मानला जातो. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नियमांनुसार मार्ग शक्यतो १५०० ते २००० मीटरच्या फेऱ्यांचा असावा, त्यात उंच अडथळे किंवा खोल चर नसावेत आणि पहिल्या ३०० मीटरांत अरुंद जागा टाळावी. शेवटची अट महत्त्वाची आहे. सर्व धावपटू एकाच वेळी सुटत असल्याने मार्ग लगेच निमुळता झाल्यास मागे सापडलेल्या मुलीला पुढे येण्याची संधीच उरत नाही.

एकाच धावपटूने दोन ठिकाणी घेतलेल्या वेळांची तुलना येथे निरर्थक ठरते. पावसानंतरच्या काळ्या मातीत पळालेले दहा किलोमीटर आणि मुरमाड माळावर पळालेले दहा किलोमीटर या दोन वेगळ्या शर्यती असतात. म्हणूनच ‘किती वेळात?’ या प्रश्नापेक्षा ‘कितवी?’ हा प्रश्न या खेळात अधिक अर्थपूर्ण आहे.

सांघिक गुणांकन

क्रॉस कंट्रीत वैयक्तिक विजेतेपदाबरोबर सांघिक विजेतेपदही असते. संघातील ठरावीक धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज केली जाते आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो विजयी होतो. जागतिक स्पर्धेत एका देशाच्या सहा महिला धावतात व पहिल्या चौघींचे क्रमांक धरले जातात. अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धांत सात धावतात आणि पाच जणींचे क्रमांक मोजले जातात.

समजा, एका महाविद्यालयाच्या मुली १, ९, १४ आणि २० या क्रमांकांवर आल्या, तर बेरीज ४४ होते. दुसऱ्या महाविद्यालयाच्या मुली ५, ७, ८ आणि १२ या क्रमांकांवर आल्या, तर बेरीज ३२ होते. शर्यतीची विजेती पहिल्या महाविद्यालयाची असली तरी सांघिक चषक दुसऱ्याकडे जातो. दुसऱ्या संघाची पाचवी मुलगी तेरावी आली असेल, तर तिचा क्रमांक स्वतःच्या संघाच्या बेरजेत धरला जात नाही. पण प्रतिस्पर्धी संघाची तिसरी मुलगी तिच्यामुळेच तेराव्याऐवजी चौदाव्या स्थानावर ढकलली जाते. दोन संघांची बेरीज समान आल्यास ज्या संघाची शेवटची मोजली जाणारी धावपटू आधी पोहोचली असेल तो संघ वरचढ ठरतो.

या पद्धतीमुळे पदकाच्या जवळपासही नसलेल्या मुलीच्या शेवटच्या शंभर मीटरांना मोल येते. मैदानी खेळांतील फार थोड्या प्रकारांत असे घडते. मात्र हा लाभ मिळण्यासाठी महाविद्यालयाकडे पूर्ण संघ असावा लागतो. एकच चांगली धावपटू असलेले ग्रामीण महाविद्यालय सांघिक गणनेबाहेर राहते आणि तिची धाव केवळ वैयक्तिक उरते.

महिलांसाठीचे अंतर

महिलांच्या क्रॉस कंट्रीचा इतिहास हा बऱ्याच अंशी अंतराच्या मर्यादेचा इतिहास आहे. ऑलिंपिकमध्ये १९१२, १९२० आणि १९२४ या तीन वेळा क्रॉस कंट्री झाली. ती केवळ पुरुषांसाठी होती. १९७३ मध्ये बेल्जियममधील वारेगेम येथे पहिली जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा भरली, तेव्हा पुरुष सुमारे १२ किलोमीटर धावले आणि महिलांना सुमारे ४ किलोमीटरचेच अंतर देण्यात आले. पुढे महिलांचे अंतर ८ किलोमीटरपर्यंत वाढले. २०१७ मध्ये युगांडातील कंपाला येथील स्पर्धेपासून दोघांसाठीही १० किलोमीटर हे समान अंतर लागू झाले. २० वर्षांखालील गटात मात्र मुलींसाठी ६ आणि मुलांसाठी ८ किलोमीटर असा भेद कायम आहे.

जालना जिल्ह्यातील स्थिती

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा हे त्याचे आठ तालुके आहेत. उत्तरेकडे अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि दक्षिणेकडे गोदावरीचे खोरे यांमुळे चढउताराची व सपाट अशी दोन्ही प्रकारची जमीन सरावासाठी उपलब्ध होते. काळी माती पावसाळ्यात बुटाला चिकटून पाय जड करते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे अनेक जणी प्रत्यक्षात डांबरी रस्त्याच्या कडेला पहाटे सराव करतात. शर्यत मातीवर आणि सराव डांबरावर, ही विसंगती ग्रामीण भागात सर्रास आढळते.

जिल्ह्यातील महाविद्यालये छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठाशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ म्हणून स्थापन झाले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार झाला. १९९४ मध्येच नांदेड येथे वेगळे विद्यापीठ झाल्यानंतर त्याचे कार्यक्षेत्र छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांपुरते राहिले. जालन्याच्या धावपटूची पहिली खरी चुरस या चार जिल्ह्यांतील मुलींशी असते. आंतरमहाविद्यालयीन शर्यतीत आघाडीवर राहणाऱ्यांमधून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थिनी महाविद्यालयाच्याच इमारतीत शिकत असल्या तरी त्यांच्या स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत शालेय गटात होतात. त्यामुळे प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेली मुलगी अनुभवी असली तरी विद्यापीठाच्या व्यवस्थेत नवखीच ठरते.

या शर्यतीपर्यंत पोहोचणे हीच अनेकींसाठी एक निवडचाचणी असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील सुमारे एक तृतीयांश महिलांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झालेला होता. याच पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. लांब पल्ल्याच्या धावण्यात स्नायूंना प्राणवायू पोहोचवण्याचे काम हिमोग्लोबिन करते. त्यामुळे लोहाची कमतरता असलेली मुलगी कितीही सराव केला तरी ठरावीक टप्प्यावर अडकते, आणि पुष्कळदा हे अपयश तिच्या जिद्दीच्या खाती मांडले जाते. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलींपुढे आणखी एक अडचण असते. कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि हिवाळ्यातील स्पर्धा नेमक्या त्याच काळात येतात.

पोलीस भरती आणि धावणे

जालना शहरात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ३ आणि पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. जिल्ह्यात पहाटे धावणाऱ्या बहुतांश मुलींचे उद्दिष्ट पदक नसून ‘भरती’ असते. पोलीस शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीत महिलांना ८०० मीटर धाव, १०० मीटर धाव आणि गोळाफेक असे तीन प्रकार द्यावे लागतात. ५० पैकी २० गुण ८०० मीटरसाठी असतात. आठशे मीटरचा वेग आणि दहा किलोमीटरची चिवटता यांची तयारी निराळी असते. दोन्ही साधू पाहणारी मुलगी शेवटी नोकरीच्या बाजूला झुकते. हा निर्णय व्यवहार्य आहे. मात्र त्यामुळे क्रॉस कंट्रीला मिळू शकणाऱ्या कितीतरी धावपटू आठशे मीटरवरच थांबतात.

पुरुषांच्या बाबतीत सैन्यदलाने हे अंतर भरून काढले. शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे सैन्यात दाखल झाल्यानंतर क्रॉस कंट्रीकडे वळला. तेथूनच तो ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये पोहोचला आणि ऑलिंपिकमध्ये धावला. महिलांना सैन्यात शिपाई स्तरावर लष्करी पोलीस दलाच्या रूपाने प्रवेश मिळाला तोच अलीकडे. त्यांची पहिली तुकडी २०२१ मध्ये बाहेर पडली. त्यामुळे पगार, आहार आणि प्रशिक्षक यांसह धावण्याची जी सोय मुलाला पलटणीत मिळते, तिची जागा मुलीसाठी आजही प्रामुख्याने महाविद्यालयालाच घ्यावी लागते.

मान्यता

विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या विद्यार्थिनीला ‘कलर होल्डर’ म्हटले जाते. विद्यापीठाच्या रंगाचा पोशाख आणि प्रमाणपत्र ही तिची पहिली औपचारिक मान्यता होय. राज्य शासनाच्या सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धेचा स्तर आणि मिळवलेला क्रमांक पाहिला जातो आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. आपल्या महाविद्यालयाला सांघिक विजय मिळवून देणारी चौथी मुलगी आणि वैयक्तिक विजेती यांच्या श्रमांत फारसे अंतर नसते; नोकरीच्या अर्जात मात्र ते फार मोठे होते.

राज्यातील नाशिक परिसराने या वाटेने पुढे गेलेल्या महिला धावपटू दिल्या आहेत. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षीच्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. नाशिकच्याच संजीवनी जाधवने २०१८ मध्ये चीनमधील गुईयांग येथे आशियाई क्रॉस कंट्री स्पर्धेचे कांस्यपदक जिंकले. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली आणि पुढे राज्य शासनाने तिची उपजिल्हाधिकारी पदावर नियुक्ती केली. आदिवासी पाडा असो वा माणदेशचा दुष्काळी पट्टा, ही परिस्थिती जालन्यापेक्षा सोपी नव्हती. नाशिकला मात्र धावपटू, प्रशिक्षक आणि सरावाचा गट एकत्र आले, आणि गटात धावल्याशिवाय क्रॉस कंट्रीची धाव सुधारत नाही.