चंपू, फ्यूजन आणि रिमिक्स

दोन कलाप्रकार एकत्र आले की आपण सरसकट 'फ्यूजन' म्हणून मोकळे होतो. पण मिश्रणाच्या रीती निरनिराळ्या असतात, आणि त्यातल्या एकीला आपल्याकडे फार जुने नाव आहे: चंपू. गद्य आणि पद्य मिळून झालेली रचना म्हणजे चंपू, असे दंडीने 'काव्यादर्शा'त सांगितले. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात, दहाव्या शतकाच्या आरंभी, त्रिविक्रमभट्टाने 'नलचंपू' हा ग्रंथ लिहिला. त्याची नायिका दमयंती विदर्भाची राजकन्या. विदर्भातल्या वाचकाला तिचे नगर कुंडिनपूर परके वाटू नये. परंपरा ते वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपुरातच पाहते.

हा शब्द मराठीत रुळला नाही, आता तर तेल चोपडलेल्या पोराला चंपू म्हणतात, असा आक्षेप कुणी घेईल. तो निम्माच खरा. शब्द मागे पडला, रीत नाही. कीर्तनात निरूपणाचे गद्य आणि अभंगाचे पद्य एकमेकांवाचून लंगडे पडते. 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आलेल्या 'संगीत शाकुंतला'त अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाच्या नाटकाला मराठी पदे दिली. तिथे अभिनयही आला, म्हणून त्याला काटेकोरपणे चंपू म्हणता येणार नाही, हे कबूल. रिमिक्सची गोष्ट वेगळी: त्यात आधीचेच ध्वनिमुद्रण नव्या ठेक्यावर फिरते. फ्यूजन हा शब्द संगीतपरंपरांच्या मिलाफालाच शोभतो. कीर्तनाला फ्यूजन म्हणणे आधुनिक वाटत असेल, पण ते चूक आहे.