मेल सर्व्हरवरील ‘ऐच्छिक’ घटक : बसवावेत की वगळावेत?

बीरगांव (छत्तीसगढ) : रायपूरला लागून असलेल्या बीरगांव-उरला औद्योगिक पट्ट्यात दरपत्रके, खरेदी आदेश आणि देयके यांची देवाणघेवाण आता ई-मेलवरून होते. एखादा कारखाना स्वतःचा मेल सर्व्हर चालवत असेल, तर तो उभारताना एक प्रश्न वारंवार समोर येतो : हा ऐच्छिक घटक बसवायचा का? घाईने दिलेल्या उत्तरामुळे व्यवसायाचा सारा पत्रव्यवहार परक्याच्या हाती जाऊ शकतो. ‘झिम्ब्रा’ या अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या मेल प्रणालीतील दोन घटनांवरून हे स्पष्ट होते.

पहिली घटना घटक नसल्याची आहे. झिम्ब्रामध्ये ‘अमाविस’ हा भाग आलेल्या मेलसोबतची जोडपत्रे उलगडून विषाणू तपासणीसाठी पुढे पाठवतो. त्यासाठी सर्व्हरवर ‘पॅक्स’ हे छोटे साधन असल्यास तो ते वापरतो. नसल्यास ‘सीपीआयओ’ या जुन्या साधनाकडे वळतो. हल्लेखोराने विशिष्ट रचनेची जोडफाईल पाठविल्यास सीपीआयओमार्फत सर्व्हरवर नको त्या ठिकाणी फाईल लिहिली जाऊ शकत होती. सीव्हीई-२०२२-४१३५२ या क्रमांकाने नोंदल्या गेलेल्या या त्रुटीची तीव्रता १० पैकी ९.८ ठरविण्यात आली. सप्टेंबर २०२२ मध्ये झिम्ब्राने पॅक्स बसवून सेवा पुन्हा सुरू करण्याचा सल्ला दिला. उबुंटूवर पॅक्स हा झिम्ब्राच्या पूर्वअटींचाच भाग असल्याने ते सर्व्हर बहुतांशी बचावले. रेड हॅट कुळातील नव्या प्रणालींवर तो आपोआप बसत नसल्याने धोका तेथे अधिक होता.

दुसरी घटना नेमकी उलट आहे. मेलच्या प्रती अभिलेखासाठी साठविण्याकरिता झिम्ब्रात ‘पोस्टजर्नल’ ही सेवा असते. ती मुळात बंद असते आणि गरजेनुसार सुरू केली जाते. तिच्यातील सीव्हीई-२०२४-४५५१९ या त्रुटीमुळे केवळ एक मेल पाठवून, पासवर्डाविना, सर्व्हरवर आज्ञा चालविणे शक्य होते. दुरुस्ती उपलब्ध झाल्यानंतरही २८ सप्टेंबर २०२४ पासून प्रत्यक्ष हल्ले आढळू लागले. सेवा सुरू असलेल्या, पण अद्ययावत न केलेल्या सर्व्हरना त्याचा थेट धोका होता.

म्हणजेच ‘ऐच्छिक’ याचा अर्थ निरुपयोगी नव्हे आणि निरुपद्रवीही नव्हे. निर्णयापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे हवीत. हा घटक नसेल तर त्याचे काम दुसरे कोणते साधन करते? तो बाहेरून आलेला मजकूर थेट हाताळतो का? आणि त्याची अद्ययावतता कोण पाहणार?

यंत्राची क्षमताही महत्त्वाची ठरते. ‘क्लॅमएव्ही’ या विषाणूरोधक साधनाला किमान ३ जीबी मेमरी लागते. ती नसल्यास संपूर्ण मेल सेवा मंदावते. स्थानिक डीएनएस कॅश हा घटक किरकोळ वाटतो. मात्र स्पॅमच्या काळ्या याद्या चालविणारी ‘स्पॅमहाउस’ ही संस्था मोठ्या सार्वजनिक डीएनएस सेवांमधून आलेल्या मोफत विचारणांना उत्तर देत नाही. त्यामुळे हा घटक वगळल्यास स्पॅमची गाळणी निकामी होऊ शकते. सर्व्हरवर आधीच दुसरी डीएनएस सेवा चालू असेल, तर मात्र दोहोंचा संघर्ष होतो.

नोंदी जपण्याची व्यवस्था तर ऐच्छिक उरलेलीच नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळविणे आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे.

त्यामुळे प्रत्येक घटक का बसवला किंवा का वगळला, याची लेखी नोंद ठेवणे हिताचे ठरते. सर्व्हर उभारणारा तंत्रज्ञ बदलला, तरी पुढच्या त्रुटीची सूचना येताच ती आपल्याला लागू आहे की नाही, हे त्या नोंदीवरून काही मिनिटांत समजू शकते.