एमआरआय नॉर्मल, तरी मान वाकडी! दोष नेमका कुठे असतो?

सकाळी मान अवघडली की आपल्याकडे पहिला संशय उशीवर. ती उन्हात टाकायची, मानेला बाम चोळायचा, दोन दिवसांत विषय संपतो. काही जणांचा मात्र तो संपतच नाही. मान आपोआप एका बाजूला वळते, झटके देते, दुखते. सरळ केली तरी पुन्हा तिकडेच. बोरिवली लोकलच्या गर्दीत समोर बघून उभं राहणंही कठीण.

या आजाराचं नाव सर्व्हायकल डिस्टोनिया. मेंदूकडून चुकीचा हुकूम येतो आणि मानेचे स्नायू आखडतात. यात एक विचित्र गोष्ट आहे. हनुवटीला नुसतं बोट लावलं तरी अनेकांची मान थोडा वेळ सरळ होते. पण हेच रुग्णांना महागात पडलं. 19व्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच डॉक्टर एदुआर ब्रिसो यांनी हा आजार मनाचा मानला आणि तो शिक्का बरीच वर्षं टिकला. त्यात साधा एमआरआय बहुतेकदा नॉर्मल येतो. 'नाटक करतोय' म्हणणाऱ्यांना आणखी काय हवं?

मुंबईत शिकून लंडनला गेलेले न्यूरॉलॉजिस्ट कैलाश भाटिया आणि तिथले डेव्हिड मार्सडेन यांनी 1994 मध्ये उलट्या बाजूने शोध घेतला. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया या भागाला इजा झालेल्या 240 रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. हालचालींच्या बिघाडांत सर्वाधिक आढळला तो डिस्टोनिया. म्हणजे दोष बेसल गँग्लियात, असं वाटावं. पण मानेचं गणित एवढ्यावर सुटत नव्हतं, कारण काहींची इजा भलतीकडेच असायची.

2019 मध्ये डॅनियल कॉर्प, मायकल फॉक्स आणि सहकाऱ्यांनी मेंदूला इजा झाल्यावर मान वाकडी झालेले 25 रुग्ण निवडले. इजेच्या जागा वेगवेगळ्या होत्या. मग निरोगी लोकांच्या मेंदूच्या स्कॅनवरून त्यांनी प्रत्येक जागेचे धागे कुठे जातात ते पाहिलं. सगळे धागे दोन ठिकाणी पोहोचत होते: लहान मेंदू आणि स्पर्श ओळखणारा मेंदूचा पट्टा.

सिग्नल कुर्ल्याला बिघडो की ठाण्याला, गर्दी घाटकोपरच्या फलाटावर तुंबते. तसंच हे. बिघाड एका स्टेशनचा नाही, अख्ख्या मार्गाचा. कसलीही इजा नसलेल्या रुग्णांच्या स्कॅनमध्येही याच दोन भागांची जोडणी बिघडलेली दिसली. आणि स्पर्शाचा पट्टा त्यात आहे म्हटल्यावर हनुवटीवरच्या बोटाचं कोडंही तेवढं गूढ राहत नाही.

उपचार आहेत. सुरकुत्यांसाठी ओळखलं जाणारं बोटॉक्स इथे मानेच्या आखडलेल्या स्नायूंत टोचतात. असर साधारण तीन महिने, मग पुन्हा इंजेक्शन. त्यानेही भागलं नाही तर मेंदूत बारीक तारा बसवून विजेचे स्पंद देतात. ही डीप ब्रेन स्टिम्युलेशन शस्त्रक्रिया अंधेरीच्या कोकिलाबेन रुग्णालयातही होते. तार नेमकी कुठे बसवायची, यालाही हा नवा नकाशा उपयोगी पडू शकतो, कारण सर्वाधिक गुण देणाऱ्या जागा त्याच दोन भागांशी जोडलेल्या निघाल्या.