वाटाण्याचं दूध: कुरडईचा चीक, पण उलटा

(ऑडिओ भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मागच्या आठवड्यात केज तालुक्यातून एका काकूंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांची नात पावणेदोन वर्षांची आहे. दूध दिलं की अंगावर पित्त उठतं, जुलाब होतात. सुनेनं मोबाइलवर वाटाण्याच्या दुधाचा व्हिडिओ बघितला. काकूंचा प्रश्न सरळ होता: "घरी करून देऊ का? आणि ते दूध आहे का नुसतं वरणाचं पाणी?"

प्रश्न आवडला, म्हणून आधी करून बघितलं. पहिल्या दिवशी साफ फसलं.

व्हिडिओत सांगितलं होतं तसं मी केलं. वाटीभर पांढरा वाटाणा रात्रभर भिजवला, सकाळी कुकरला तीन शिट्ट्या दिल्या, मिक्सरमधून काढला, पाणी घालून गाळला. गाळलं तेव्हा बरं दिसत होतं. गरम करायला ठेवलं आणि पाच मिनिटांत पळी उभी राहिली. आई स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली, "आगं, सकाळी सकाळी पिठलं कशाला करायलीस?"

आईचं बरोबरच होतं. वाटाणा हा हरभऱ्याचाच चुलतभाऊ. सुक्या वाटाण्यात प्रथिनं असतात २२ ते २५ टक्के, पण जवळपास निम्मा भाग स्टार्च असतो. तेल फार तर एक-दोन टक्के. स्टार्चला पाण्यात साठ-सत्तर अंशांच्या पुढे उष्णता मिळाली की त्याचे कण फुगतात आणि पाणी धरून बसतात. बेसनाचं पिठलं त्याच्यामुळेच घट्ट होतं. म्हणजे आधी शिजवला की खेळ संपला, नंतर कितीही गाळा, स्टार्च दुधातच राहतो. थंड झाल्यावर तर त्याची खळ होते.

मग करायचं काय? याचं उत्तर आपल्याकडच्या प्रत्येक घरात आहे, फक्त ते उन्हाळ्यात आठवतं. कुरडया करताना आपण गहू भिजवतो, वाटतो, पिळून चोथा काढतो आणि ते पांढरं पाणी न हलवता ठेवतो. चीक खाली बसतो, वरची निवळ ओतून देतो. चीक म्हणजेच स्टार्च. वाटाण्याचं तेच करायचं, पण उलटं. खालचा चीक बाजूला ठेवायचा आणि वरचं पाणी वापरायचं, कारण विरघळलेली प्रथिनं त्या वरच्या पाण्यात असतात. हे एकदा डोक्यात बसलं की कृती पाठ करायची गरज नाही.

तरी मापं सांगते. वाटाण्याची सालं काढलेली डाळ मिळाली तर तीच घ्या, सालं चोळत बसायला नको. १०० ग्रॅम डाळ आठ तास भिजवा. भिजवायच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, ते पाणी नंतर फेकून द्या आणि डाळ दोनदा धुवा. मग ६०० मिली अगदी गार पाणी थोडं थोडं घालत मिक्सरला बारीक वाटा. मलमलच्या फडक्यातून पिळून गाळा. पातेलं झाकून फ्रिजमध्ये तासभर ठेवा, हलवू नका. तळाला पांढरा थर बसलेला दिसेल. वरचं दूध हळूच दुसऱ्या पातेल्यात ओता, शेवटचा घोट सोडून द्या. मंद आचेवर सतत ढवळत उकळी आणा आणि उकळी आल्यावर दहा मिनिटं राहू द्या. थोडा स्टार्च दुधात राहतोच, त्यानं किंचित दाटपणा येतो, तो चांगलाच लागतो. शेवटी चमचाभर शेंगदाणा तेल आणि कणभर मीठ घालून मिक्सरला एकदा फिरवा. तेल का, तर वाटाण्यात स्निग्ध असं काही नाही, तेल नसेल तर दूध जिभेला पाण्यासारखं लागतं. पाचशे मिलीच्या आसपास दूध निघतं.

चोथा धपाट्यांच्या पिठात घाला. खाली बसलेला चीक रश्शाला लावा. काही वाया जात नाही.

आता वासाबद्दल. कच्च्या शेंगेसारखा जो उग्र वास येतो तो वाटाण्यात आधीपासून भरलेला नसतो, वाटताना तयार होतो. दाणा फुटला, पाणी आणि हवा लागली की लायपॉक्सिजनेज नावाचं एन्झाइम दाण्यातल्या तेलावर काम सुरू करतं. सोयाबीनच्या दुधात यावर उपाय १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात निघाला: उकळत्या पाण्यातच वाटायचं, एन्झाइम तिथल्या तिथे निकामी होतं. वाटाण्याला हा उपाय चालत नाही, कारण उकळतं पाणी घातलं की पुन्हा पिठलं. म्हणून गार पाणी. त्यानं एन्झाइम मरत नाही, पण मंदावतं. वास पूर्ण जात नाही हे आधीच सांगते. वेलदोडा घाला, खजूर घाला.

चहाचं काय, हा पुढचा प्रश्न येणारच. दूध थोडं आंबट झालं की त्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि फाटतं. साध्या चहात निभावतं, कॉफीत बहुतेक वेळा फाटतं आणि गुळाच्या चहात तर नक्की फाटतं, तिथे आपलं म्हशीचं दूधही फाटतं. गूळ घालायचाच असेल तर भांडं खाली उतरवून, थोडं निवल्यावर. आणि बोअरचं जड पाणी वापरू नका. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, त्या पाण्यात वाटाण्याची प्रथिनंही नीट उतरत नाहीत. कॅल्शियम वाढवायला म्हणून कुणी चुना घालायला सांगेल, ते तर मुळीच करू नका.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येते. हा भाग खरं तर त्याच्यासाठीच आहे.

गाईच्या २०० मिली दुधात प्रथिनं साधारण साडेसहा ग्रॅम आणि कॅल्शियम २४० मिलीग्रॅमच्या आसपास असतं. आपल्या वाटाण्याच्या दुधात, अर्धी प्रथिनं जरी उतरली धरली, तरी ग्लासभरात चार-साडेचार ग्रॅम मिळतात. ते वाईट नाही. कॅल्शियमचं मात्र गणित जमत नाही. १०० ग्रॅम सुक्या वाटाण्यातच कॅल्शियम ७५ मिलीग्रॅमच्या आसपास असतं. ते सगळंच्या सगळं उतरलं तरी ग्लासाला तीस. बी-१२ तर अजिबात नाही. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या रिपल कंपनीनं वाटाण्याचं दूध बाजारात आणलं, त्यात वेगळी काढलेली प्रथिनं, तेल आणि वरून घातलेलं कॅल्शियम असतं. पाकिटावरचे आकडे त्या दुधाचे असतात, आपल्या पातेल्यातल्या दुधाचे नाहीत. व्हिडिओवाले नेमकं हेच सांगत नाहीत.

म्हणून काकू, नातीला दुधाच्या जागी हे देऊ नका. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर हे कुठल्याही कारणानं नको. अंगावर पित्त उठतं म्हणताय, ती बहुधा दुधाची ॲलर्जी असावी, नुसतं न पचणं वेगळं. मोठ्या माणसाला दुधातली साखर पचत नसेल तर दही-ताक बऱ्याचदा चालतं. ॲलर्जीत दही, ताक, खवा सगळंच बंद करावं लागतं. हे बालरोगतज्ज्ञच ठरवतील, आंबेजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे. तिथे विचारा की दुधाऐवजी काय आणि किती. वाटाण्याचा किंवा सोयाबीनचा पदार्थ सुरू करण्याआधीही विचारा, कारण शेंगवर्गाची ॲलर्जीसुद्धा असते. डॉक्टर हो म्हणाले तर हे दूध नाचणीच्या सत्त्वात घालायला छान आहे. एक पदार्थ म्हणून, दुधाचा पर्याय म्हणून नाही.

एक गोष्ट मनात राहिली ती बोलून टाकते. दुकानातला हा पांढरा वाटाणा मोठ्या प्रमाणात कॅनडा-रशियातून जहाजानं येतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं त्याची आयात शुल्कमुक्त केली, मुदत वाढत गेली, ३० टक्के शुल्क लागलं ते नोव्हेंबर २०२५ पासून. स्वस्त वाटाणा आला की आपल्या हरभऱ्याचा, तुरीचा भाव दबतो हे आडतीवर कुणालाही विचारा. आणि आपल्या घरात कोपऱ्यात पोती कशाची असतात? सोयाबीनची. २०२४-२५ चा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खालीच विकावं लागलं.

घरचं दूधच करायचं असेल तर मी म्हणेन सोयाबीनचं करा. प्रथिनं चाळीस टक्क्यांच्या जवळ, तेल अठरा-वीस टक्के, स्टार्च जवळजवळ नाहीच. चीक बसवायचा नाही, वरून तेल घालायचं नाही, उकळत्या पाण्यात वाटलं तर वासही कमी. १०० ग्रॅमला पाऊण ते एक लिटर दूध. फक्त उकळी आल्यावर वीस मिनिटं उकळायचंच. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो त्याशिवाय जात नाही. कॅल्शियमचा प्रश्न याच्याही बाबतीत तोच.

आणि हे नीट ऐका. पेरणीतून उरलेल्या पिशवीतलं बियाणं कधीही वापरू नका. गुलाबी-लाल रंग असतो तो बीजप्रक्रियेच्या औषधाचा, धुऊन जात नाही. रंग फिका झाला असेल तरी नाही. खाण्यासाठी दाणा घ्यायचा तो मळणी झालेल्या ढिगातला, बियाण्याच्या पिशवीतला नाही. आमच्याकडे ती पिशवी आता वरच्या फळीवर, कुलूप लावलेल्या पेटीत ठेवतो.

दूध फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं. मे महिन्यात लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा रोजच्या रोज करा. काकू, डॉक्टर काय म्हणाले ते नक्की कळवा.