विश्लेषण : पांढऱ्या ताटलीतला दहीभात आजीला दिसतो का?

घरातल्या वयस्कर माणसाच्या ताटात रोज थोडा भात तसाच राहतो. ‘भूकच लागत नाही’, ‘वयामुळे खाणे कमी झाले’ अशी कारणे घरातले परस्पर देऊन टाकतात. कधी ‘नखरे’ हा शब्दही निघतो. ताट उचलताना मात्र एकदा नीट पाहावे. ताटली पांढरी, भात पांढरा, दही पांढरे आणि समोर बसलेल्या आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ताटाची मांडणी हा हॉटेलांचा आणि मोबाइलवर फोटो टाकणाऱ्यांचा विषय आहे, असे आपण धरून चालतो. घरच्या जेवणात तिचा संबंध पोटात किती जाते, याच्याशीही असतो.

ताटाच्या रंगाने खाणे वाढते?

वाढत्या वयात डोळ्यातील भिंग पिवळसर आणि धूसर होत जाते. त्यामुळे जवळपास सारख्या रंगाच्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखणे अवघड होते. अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्झायमर बळावलेल्या रुग्णांना आधी पांढऱ्या आणि मग गडद लाल भांड्यांत जेवण दिले. लाल भांड्यांत अन्न सुमारे २५ टक्के आणि पेये ८४ टक्के जास्त घेतली गेली. पुढे गडद निळ्या भांड्यांनीही उपयोग झाला, फिकट रंगांनी झाला नाही. म्हणजे जादू लाल रंगाची नव्हती, ताट आणि अन्न यांच्या रंगांतील फरकाची होती. अभ्यास छोटा होता, रुग्ण अवघे नऊ. त्यामुळे हे आकडे प्रत्येक घराला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण करून पाहायला खर्च काहीच नाही.

केळीच्या पानावर हा फरक आयताच मिळतो. हिरव्यागार पानावर भाताची पांढरी मूद, तिच्यावर पिवळे वरण, शेजारी लालभडक लोणचे. डोळे अधू झालेल्या माणसालाही कुठे काय वाढले आहे हे कळते. चकचकीत स्टीलच्या ताटात उलट होते. डोक्यावर दिवा असेल तर तिरीप येते आणि पातळ आमटी-वरण वाटीत किती उरले आहे, हेही समजत नाही.

डावी बाजू कशासाठी?

मराठी पानाची मांडणी ठरलेली आहे. वर मध्यावर मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी. समोर वरण-भात. एरवी ‘डावे-उजवे’ म्हणताना आपण सरस-निरस ठरवतो, ताटात मात्र डावी बाजू कमी दर्जाची नसते. ती थोडी असते, इतकेच. जेवणारा हात उजवा; त्यामुळे वारंवार लागणारे पदार्थ त्या बाजूला आणि जिभेला चव आणण्यापुरते घ्यायचे ते पलीकडे, ही सोय सहज लक्षात येते. आमटीत बुडवलेला घास तोंडाशी नेताना चटणी-कोशिंबिरीवर ओघळही पडत नाही. दृष्टी गेलेल्या माणसाला तर या ठरलेल्या जागांचा मोठा आधार असतो. मीठ कुठे आहे, हे त्याला विचारावे लागत नाही. म्हणून घरात रोज जागा बदलू नयेत.

डावखुऱ्या व्यक्तीसाठी बाजू उलट केल्या तर काही बिघडत नाही. शास्त्र वगैरे सांगणारे भेटतील; त्यांना आधी डाव्या हाताने आमटी-भात कालवायला सांगावे.

या पानाची एक बाजू मात्र आज तपासायला हवी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या दिवसभराच्या आहारात जवळजवळ निम्मा वाटा भाज्या आणि फळांचा आहे. मध्यभागी मोठी मूद आणि कडेला चमचाभर कोशिंबीर, हे दिसायला सुबक असले तरी त्या हिशेबात बसत नाही. मूद लहान करून कोशिंबिरीला वाटी दिली तर रंगही वाढतो आणि मधुमेह असलेल्याचे पानही सावरते.

रंग टिकवायचा कसा?

ताट फिके दिसते तेव्हा चूक बहुधा गॅसवर झालेली असते. हिरव्या भाजीतील हरितद्रव्य उष्णता आणि आंबटपणा एकत्र आले की शेवाळी पडते. म्हणून पालक, फरसबी, मटार शिजवताना सुरुवातीची काही मिनिटे झाकण ठेवू नये. भाजीतून निघणारी आम्ले वाफेबरोबर बाहेर जातात. लिंबू, टोमॅटो, चिंच शेवटी. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातले की ती पाणी सोडते आणि ताटभर ओघळ पसरतात. मीठ वाढायच्या वेळी घालावे. बिटाची कोशिंबीर दह्यात आधीच कालवून ठेवली तर सगळीच गुलाबी होते. काहींना ते आवडते, पण मग बीट वेगळे दिसत नाही. थोडी फोडणी राखून वरून घातली तर मोहरी-कढीपत्ता दिसतात आणि वासही ताजा येतो. आणि कोथिंबीर सरसकट सगळ्यावर भुरभुरू नये. बटाट्याच्या पिवळ्या भाजीवर ती खुलते, मेथीवर वाया जाते.

मुलांच्या ताटात मोठा ढीग पाहूनच जेवण नको होते. मूद पाडायची लहान वाटी इथे कामाची. एक मूद संपली की दुसरी.

मग बदल कुठून करायचा?

नवे भांडे आणण्याआधी घरातली गडद रंगाची, नक्षी नसलेली ताटली शोधा. नक्षीमुळे फूल कोणते आणि फोड कोणती, असा गोंधळ होतो. केळीचे पान मिळत असेल तर ताटात बसेल एवढा तुकडा कापून घाला. ताटलीखालचे कापड वेगळ्या रंगाचे ठेवा, म्हणजे ताटलीची कड दिसेल. दिवा असा ठेवा की जेवणाऱ्याची सावली ताटावर पडणार नाही. आठवडाभर ताटात काय आणि किती उरते, ते लिहून ठेवा. फरक पडला नाही आणि वजनही उतरत असेल तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सैल झालेली कवळी, गिळताना होणारा त्रास आणि चालू असलेली औषधे यांची चौकशी तिथे करावी लागेल.