धूर कोंडला की मडके काळे

नागपूरजवळच्या माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथल्या शिलावर्तुळांत सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची भांडी सापडली. त्यांतली कित्येक आतून आणि काठाशी काळी, खाली लाल. काळा रंग लावलेला नाही, तो भाजताना चढला आहे. भांडे भुशात किंवा पाल्यात पालथे घालून भाजले की तोंडाकडे हवा पोचत नाही आणि तेवढा भाग काळा पडतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मातीतले लोह भरपूर हवेत लाल होते. हवा तुटली की तेच काळवंडते, आणि धुरातला कार्बन छिद्रांत शिरून काळेपणा पक्का करतो. घरच्या घरी भाजणाऱ्याने आधी हे समजून घ्यावे, विटांचा हिशेब मागाहून.

आपल्या कुंभारांचा आवा याच जाणतेपणावर उभा आहे. गोवऱ्या, लाकूड, पाचट यांच्या थरांत मडकी रचायची, वरून खापऱ्या आणि राख किंवा माती. आतले तापमान साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. मडकी फुटतात ती बहुधा सुरुवातीला, कारण अंगात ओल राहिलेली असते. शंभर अंशांपुढे तिची वाफ होते आणि तिला वाट मिळत नाही. मातीत लीद किंवा राख मिसळण्याची जुनी रीत इथे कामी येते. पुढे ५७३ अंशांवर गारेचे कण एकदम फुगतात, निवताना तितकेच आकसतात. घाईने आवा उघडला की तडा जातो.

शहरात अंगण असेल तर भुशाची भट्टी सर्वांत सोपी. विटा गारा न लावता रचायच्या, सांध्यांत बोटभर फटी ठेवायच्या. तळाशी वीतभर भुसा. त्यावर पूर्ण वाळलेली, शक्यतो दगडाने घोटलेली भांडी. त्यांच्या पोटातही भुसा, आणि दोन भांड्यांत, भिंतीपाशी चार बोटे जागा. वर पुन्हा भुसा, काटक्या, कागद. आग वरून लावायची. ती पकडली की पत्रा झाकायचा आणि निमूट धुमसू द्यायचे. बारा तास, कधी पूर्ण दिवस लागतो. ज्वाळा उठल्या तर फटी चिखलाने बुजवायच्या. रंगवलेल्या लाकडाचा किंवा प्लायवूडचा भुसा मात्र अजिबात नको, त्याचा धूर विषारी असतो. ही भांडी सच्छिद्र राहतात. पाणी भरून ठेवायला ती नाहीत.

याच तत्त्वाने न्यू मेक्सिकोतल्या सान इल्डेफोन्सो वस्तीत मारिया आणि हुलियान मार्टिनेझ या दांपत्याने १९१९च्या सुमारास काळ्यावर काळी नक्षी असलेली भांडी घडवली. लाकडाचा जाळ, भोवती शेणाच्या गोवऱ्या, आणि ऐन वेळी सगळ्यावर लिदीची भुकटी. आग घुसमटली की लाल भांडे काळे होई. घोटलेली पृष्ठे चकाकत, नक्षी मात्र निस्तेज राही. गोवऱ्या आणि लीद तर आपल्याही कुंभारांच्या ओळखीच्या!

धारावीच्या कुंभारवाड्यात, सौराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांच्या घरांमधल्या भट्ट्यांत कापसाचा टाकाऊ कचरा जळत आला आहे. तिथला धूर भांड्यांसोबत माणसांच्या छातीतही शिरतो. भुशाची भट्टी लावणाऱ्यानेही वाऱ्याची दिशा पाहावी, शेजारच्या खिडक्या पाहाव्यात, आणि मगच काडी ओढावी.