पॉल रोबसन : मैदानावरील पहिली लढाई

पॉल रोबसन जगाला गायक म्हणून ठाऊक आहेत. त्यांची पहिली कीर्ती मात्र अमेरिकी फुटबॉलमधली. (हा खेळ आपला नव्हे, यात चेंडू हाती घेऊन धावतात, धडका देतात.)

वडील गुलामगिरीतून निसटलेले, पुढे धर्मोपदेशक झालेले. १९१५ साली शिष्यवृत्ती मिळवून पॉल न्यू जर्सीतील रटगर्स महाविद्यालयात दाखल झाले. निवडीच्या सरावात भावी सहकाऱ्यांनीच त्यांचे नाक फोडले, खांदा निखळवला. तरी माघार नाही. आपण हटलो तर मागून येणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांची वाट अडेल, ही वडिलांची शिकवण. १९१६ मध्ये वॉशिंग्टन अँड ली या दाक्षिणात्य संघाने कृष्णवर्णीयाविरुद्ध खेळण्यास नकार दिला आणि रटगर्सने आपल्याच खेळाडूला बाहेर बसवले. विटाळ केवळ आपल्याच देशात पाळला जात नव्हता! १९१७ व १९१८, दोन्ही वर्षी ते अखिल अमेरिकी संघात निवडले गेले. १९१९ च्या पदवीदान समारंभात वर्गाच्या वतीने भाषणही त्यांनीच केले.

१९२३ मध्ये कोलंबियातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली; बाबासाहेबांनी ते विद्यापीठ सात वर्षांपूर्वी सोडले होते. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मान-दालनात रोबसन यांना स्थान मिळाले ते १९९५ साली, निधनानंतर १९ वर्षांनी.